दाढ ठणकण्याआधी

आईबाबांनो, आपल्या मीरा-भाईंदरमध्ये दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही. शांतीनगरच्या सेक्टरांमधून, नवघर रोडवरून किंवा भाईंदर पश्चिमेच्या दीडशे फुटी रस्त्यानं संध्याकाळी चालत निघालात, तर किराणा दुकान आणि क्लासेसच्या मधल्या गाळ्यात दाताचं चित्र रंगवलेली पाटी हमखास दिसते. यातले कितीतरी दवाखाने रात्री उशिरापर्यंत उघडे असतात, कारण इथल्या घरांचा दिवस चर्चगेट लोकलच्या वेळांवर चालतो आणि माणसं आठ-साडेआठच्या पुढेच घरी पोचतात. एवढी सोय हाताशी असूनही आपण तिथली पायरी पहिल्यांदा चढतो ती बहुधा एकाच दिवशी. आदल्या रात्री मूल गालावर हात दाबून रडलेलं असतं, तो दिवस.

आज मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, की घरचा दातांचा डॉक्टर त्या रात्रीच्या आधी ठरवून ठेवा. कुणाचंच काही दुखत नसताना.

आपण फ्लॅट घेताना पाणी किती वेळ येतं ते विचारतो, शाळा निवडताना चार घरी चौकशी करतो. दातांच्या बाबतीत मात्र दुखणं आपल्या वतीनं निवड करतं. मूल तळमळतंय, तुम्ही गर्दीतून उभ्यानं प्रवास करून आला आहात, उद्या त्याची परीक्षा आहे आणि समोरचा माणूस सांगतोय की दोन रूट कॅनल आणि दोन कॅप लागतील. अशा वेळी आपण मान डोलावतो. डॉक्टर बरोबर सांगत असतील किंवा नसतीलही, ते तपासायचं बळच अंगात उरलेलं नसतं. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर नुकसान आणखी मोठं आहे. त्याच्या आयुष्यातली दातांच्या खुर्चीची पहिली आठवण ठणका, इंजेक्शन आणि घाबरलेल्या आईच्या चेहऱ्याची होते. ही भीती पुढं टिकते. मोठेपणी दात हलायला लागेपर्यंत दवाखान्याचं नाव न काढणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशाच एखाद्या रात्रीपासून झालेली असते.

म्हणून पहिली भेट लवकर व्हावी. बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. तो आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवून आणावं असं बालदंतरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे हे ऐकून आजी हसते. चार दात आलेल्या पोराला डॉक्टरकडं कशाला न्यायचं? पण त्या भेटीत डॉक्टर बाळापेक्षा आईबाबांशीच जास्त बोलतात. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवता का, मधाचं बोट चाटवता का, दात कशानं पुसता, रात्री किती वेळा दूध घेतो. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकतं आणि दोन मिनिटांत बघून होतं. बाळ रडलं तरी हरकत नाही, तोंड आपोआप उघडतं. पुढं दर सहा महिन्यांनी गेलात की ती खुर्ची, तो दिवा, तो पाण्याचा फवारा त्याच्या ओळखीचा होतो.

एक विनंती इथंच करते. “जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील” हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. तुम्हीही टाका आणि गावाहून आलेल्या आजी-आजोबांनाही प्रेमानं सांगा. “काही दुखणार नाही बरं का” हेसुद्धा नको, त्यानं दुखण्याची कल्पना पोराच्या डोक्यात नुसती शिरते. “डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत” एवढं पुरतं.

आता डॉक्टर निवडायचा कसा? माझ्या मते पाटीवरच्या अक्षरांपासून सुरुवात करावी. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही दातांचा व्यवसाय करता येत नाही. नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो. तो दिसला नाही तर विचारावा, त्यात अपमान काहीच नाही. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं शिक्षण, आणि एमडीएस म्हणजे त्यापुढं एका विषयात तीन वर्षं. घरच्या डॉक्टरला बीडीएस पुरेसं आहे. चांगला बीडीएस डॉक्टर तुमच्या कुटुंबाचं बहुतेक सगळं सांभाळतो आणि जे आपल्या हातचं नाही ते वेळेवर दुसऱ्याकडं पाठवतो. मुलांचे, हिरड्यांचे, दातांना तारा लावणारे असे तज्ज्ञ आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत ठरलेल्या वारी येतात. तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: काम कोण करणार आहे, आणि त्यांचा येण्याचा वार सोडून मध्येच काही झालं तर कोण बघणार?

दुसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि इथं मी थोडी हट्टी आहे. चकचकीत फरशी आणि एसी म्हणजे स्वच्छता असं समजू नका. तोंडात जाणारं प्रत्येक अवजार आधी कुणाच्या तरी रक्ताला लागलेलं असू शकतं. ते नुसतं उकळत्या पाण्यात बुडवून किंवा स्पिरिटनं पुसून चालत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र. त्यात १२१ अंश सेल्सियसला साधारण पंधरा मिनिटं अवजारं राहावी लागतात. हेपॅटायटिस बी सारखा आजार अस्वच्छ अवजारांतून पसरू शकतो. चांगल्या दवाखान्यात अवजारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात आणि पाकिटावरची खूण वाफेनं रंग बदललेली दिसते. हातमोजे दर पेशंटला नवे असतात. मोजे घातलेल्या हातानंच मोबाइल उचलला आणि तोच हात पुन्हा तोंडात गेला, तर मी त्या दवाखान्यातून उठून जाईन. तुम्हीही जा.

तिसरी गोष्ट बोलण्याची. डॉक्टर तोंडात आरसा घालण्याआधी काय विचारतात ते ऐका. बाबांना मधुमेह आहे का, आजोबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का, आई गरोदर आहे का, मुलाला दमा किंवा कसली ॲलर्जी आहे का, हे न विचारता थेट ड्रिल हाती घेणारा डॉक्टर घरचा डॉक्टर होऊ शकत नाही. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही हटवादी होते. आजोबांची गोळी माहीत नसताना दात काढला तर रक्त थांबायला वेळ लागतो, आणि ती गोळी घरच्या घरी बंद करणं तर त्याहून धोक्याचं. सगळ्या कुटुंबाचा डॉक्टर एक असावा तो याचसाठी. त्याच्याकडं सगळ्यांचे कागद असतात आणि आईचे दात लवकर किडले होते हे लेकीला तपासताना त्याला आठवतं.

मग डॉक्टर तुम्हाला एक्स-रे दाखवतो का? काळा ठिपका कुठं आहे आणि किती खोल गेलाय हे बोट ठेवून सांगतो का? लगेच करायला हवं ते कोणतं, सहा महिने थांबून पाहता येईल ते कोणतं, आणि खर्च किती, हे कागदावर लिहून देतो का? एकाच बैठकीत सहा-सात दातांचं मोठं काम सांगितलं आणि “आज केलं तर सवलत” असं जोडलं, तर एक्स-रे घेऊन शांतपणे घरी या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. एक्स-रे मागून घेण्यात संकोच नको. सोसायटीत आणि शाळेत मोफत तपासणी शिबिरं होतात, ती चांगलीच आहेत. पण टॉर्चच्या उजेडात मिनिटभर पाहून दिलेल्या यादीवर कुठलंही काम सुरू करू नये, ती यादी फक्त तपासणीला जायचं निमित्त आहे.

मुलांशी वागण्याचीही कसोटी आहे. चांगले डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. फवारा आधी मुलाच्या हातावर उडवतात, आरसा त्याच्या हातात देतात. मूल फारच बिथरलं तर त्या दिवशी थांबतात. आणि दवाखाना शक्यतो चालत किंवा रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत पोचण्याजोगा असावा. अंधेरी-बोरिवलीचे नावाजलेले डॉक्टर असतीलही, पण दर सहा महिन्यांनी दोन मुलं घेऊन दहिसर नाका ओलांडायचा उत्साह कुणाचा टिकतो?

आता सहाव्या वर्षाच्या दाढेविषयी. या एका दाढेसाठी हा सगळा खटाटोप केला तरी तो सार्थकी लागेल, असं मला वाटतं.

दुधाचे दात वीस. ते पडायला लागले की आपल्याला वाटतं, आता पडलेल्या जागी पक्के दात येणार. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास चार दाढा अशा येतात, की त्यांच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. वर दोन, खाली दोन, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं गुपचूप उगवतात. काहीच पडलं नसल्यामुळं घरात कुणाला पत्ता लागत नाही. लागला तरी ही दुधाचीच दाढ, पडेल कधीतरी, असा समज असतो. प्रत्यक्षात ती जन्मभराची असते. नवी असताना तिचं कवच कच्चं असतं, वरच्या खाचा खोल असतात, मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही आणि बिस्किटाचा लगदा नेमका तिथं बसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाची पक्की दाढ किडून पोकळ झालेली आढळते ती यामुळं. आज रात्री मुलाला दिव्याखाली तोंड उघडायला सांगा आणि पुढून मोजा. मधल्या रेषेपासून एका बाजूला पाच दुधाचे दात, सहावी दिसली तर ती हीच.

या दाढेच्या खाचा डॉक्टर पातळ राळेसारख्या पदार्थानं बुजवतात, त्याला सीलंट म्हणतात. ना सुई, ना ड्रिल, काही मिनिटांचं काम. बाराव्या वर्षी मागची दुसरी दाढ येते, तिलाही करून घ्यावं. पण दाढ किडण्याआधी डॉक्टरांनी ती पाहिली तरच हे शक्य आहे, आणि न दुखणाऱ्या मुलाला तिथं नेल्याशिवाय ते पाहणार कसे?

“दुधाचेच दात, पडणारच आहेत” हे वाक्यही याच गैरसमजातलं. दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं त्यांचं काम असतं, खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्या जागा अडवून ठेवतात. दाढ लवकर काढली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पुढं दातांना तारा लावायची वेळ येते. म्हणून डॉक्टर दुधाच्या दाढेचीही नस साफ करून वर स्टीलची कॅप बसवा म्हणतात, तेव्हा दरवेळी ती लूट नसते. मूल चार वर्षांचं असेल तर ती दाढ अजून सहा-सात वर्षं लागणार आहे. दहा वर्षांचं असेल आणि दाढ हलायला लागली असेल, तर विचारण्यासारखा प्रश्न नक्की आहे.

कीड लागते कशी, हे मुलांना समजेल असं सांगता येतं. दातांवरच्या चिकट थरातले जंतू गोड आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल बनवतात, आणि त्या आम्लानं कवच विरघळतं. लाळ ते आम्ल निवळवते, पण तिला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे किती गोड खाल्लं याहून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं ठरतं. आपल्याकडचा दिवस आठवा. आईबाबा सकाळी आठच्या आत घराबाहेर. शाळेतून आलेल्या मुलाला आजी चहात बुडवून बिस्किटं देते, तासाभरानं क्लासला जाताना वेफर्सचं पाकीट, परत आल्यावर खारी, आईची गाडी लेट झाली म्हणून आणखी दोन बिस्किटं, झोपताना साखर घातलेलं दूध. लाळेला सवडच मिळत नाही. आजीला दोष देऊ नका, ती मायेनं देते. फक्त खाण्याच्या वेळा ठरवून द्या. गोड हवं असेल तर जेवणाबरोबरच द्या. मधल्या वेळेला पेरू, काकडी, चीज, मोठ्या मुलांना भाजलेले शेंगदाणे आणि चणे. दूध ब्रश करण्याआधी, ब्रश झाल्यावर फक्त पाणी. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळच्या ब्रशपेक्षा रात्रीचा ब्रश मोलाचा.

पेस्ट फ्लोराइडची असावी. आपल्या कायद्यानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश तुमच्या हातात हवा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर लगेच दाखवा. कीड त्या टप्प्यावर फ्लोराइडनं परतवता येते, खड्डा पडला की नाही.

एक अवघड विषय आहे, पण टाळत नाही. आपल्या कितीतरी घरांत आजी अजून मशेरी लावते. तव्यावर भाजलेली तंबाखू, सकाळी पहिल्यांदा तीच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालापासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्याला बंदी कोण करणार? २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, आणि त्यांतले बहुतेक बिडी-सिगारेटवाले नव्हते, तोंडात ठेवणारे होते. नातवंडाची दाढ दुखली की “थोडी मशेरी लाव, थांबेल” हा सल्लाही मायेपोटीच येतो. तो मायेनंच नाकारा. आणि आजीला ओरडण्याऐवजी मुलांच्या तपासणीच्या दिवशी तिलाही खुर्चीत बसवा. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्वीइतकं न उघडणारं तोंड, हे डॉक्टरांच्या डोळ्यांना वेळेवर दिसायला हवं.

मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी गोड सुपारीची वाटते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण बडीशेपेच्या वाटीतून, लग्नाच्या पंगतीतून सुपारी मुलांच्या हाती येते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वीस वर्षांपूर्वीच जाहीर केलं आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. मे २०२३ मध्ये राज्य सरकारनं स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरला सदिच्छादूत केलं. तंबाखूची जाहिरात त्यानं कधी केली नाही, हे क्रिकेटवेड्या मुलाला सांगून बघा. आपल्या उपदेशापेक्षा ते लवकर पोचेल.

पैशांचंही बोलूया, कारण नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दातांचं काम सहसा बसत नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर उपचार लांबवू नका. फास्ट लोकलनं मुंबई सेंट्रलला उतरलात की नायर दंत महाविद्यालयाचं रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ते मुंबई महापालिकेचं आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, फी थोडी असते, वेळ जास्त लागतो. सकाळी लवकर पोचा, जुने एक्स-रे आणि औषधांची यादी बरोबर ठेवा. घरच्या डॉक्टरशी तुमचं नातं असेल तर ते स्वतः चिठ्ठी लिहून देतात.

शेवटचं, खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी. सात-आठ वर्षांच्या सुमारास पुढचे पक्के दात येतात, आणि सायकल, क्रिकेट, सोसायटीच्या जिन्यावरची पळापळ यांचंही वय तेच. पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर तो पुन्हा बसवता येतो, पण अर्ध्या तासाच्या आत गेलात तर त्याची आशा जास्त. दात वरच्या, चावायच्या बाजूनं धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. जमलं तर त्याच जागी हलकेच बसवून मुलाला रुमाल चावायला द्या. नाहीतर थंड दुधाच्या कपात टाका. पाण्यात ठेवू नका, कोरड्या रुमालात गुंडाळू नका. मग निघता निघता डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते खुर्ची मोकळी ठेवतील. तो नंबर तुमच्या मोबाइलबरोबर आजीच्या मोबाइलमध्ये आणि शेजारच्या काकूंकडेही असू द्या, कारण दुपारी चार वाजता घरी तुम्ही नसता. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. मुलाला घेऊन त्याच दिवशी दाखवून या.